धागा: इमिग्रेशनच्या काउंटरवरचा साहेब नेमकं काय बघतो, आणि त्याच्या हातात किती असतं?

गोदाकाठ (नांदेड)

नांदेडकरांना मुंबईपेक्षा शमशाबाद (हैदराबादचा विमानतळ) जवळ. त्यामुळं इकडची निम्मी मंडळी रात्रीतून हैदराबाद गाठतात नि तिथून उडतात. जाणारे साधारण तीन तऱ्हेचे: आखातात कामाला, उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) आणि पोरांकडं अमेरिकेला. तिघांची धास्ती एकच, काउंटरवरचा माणूस. तो असा तुटक का बोलतो, त्याला शिकवतात काय, अडवायचा अधिकार कुठवर आणि अडवलंच तर कोणता कागद मागायचा?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. एकच विनंती, "आमच्या मेव्हण्याला असं झालं" यासाठी दुसरे धागे आहेत. इथं फक्त नियम, कागद आणि क्रम.

शिक्का_न_सही (छ. संभाजीनगर)

आधी माणसं ओळखा. निम्म्या तक्रारी चुकीच्या खात्याकडं जातात.

विमानतळाच्या दारात तिकीट-ओळखपत्र बघणारे आणि पुढं अंगझडती घेणारे सीआयएसएफचे. बोर्डिंग पास देणारे विमान कंपनीचे. व्हिसा बरोबर नसेल तर पहिली आडकाठी तेच घालतात, कारण चुकीचा माणूस नेला तर दंड कंपनीला बसतो. त्यानंतर इमिग्रेशन, म्हणजे केंद्रीय गृहखात्याचा ब्युरो ऑफ इमिग्रेशन. परतताना सामानाशी बसलेले पांढऱ्या गणवेशातले कस्टमचे, ते अर्थखात्याचे. ब्युरोच्या काउंटरवर गुप्तचर विभागाच्या केडरमधली माणसं असतात, काही प्रतिनियुक्तीवर आलेली असतात, आणि काही लहान चेकपोस्टांवर राज्याचे पोलीस हे काम बघतात. त्यामुळं सगळीकडं एकसारखी तालीम झालेला माणूस भेटेलच असं नाही.

कायदा नवा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५' लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ नि २००० सालचे चार जुने कायदे गेले. भारतीयांना भरायचे कार्ड तर कधीच बंद झाले: येतानाचं २०१४ ला, जातानाचं १ जुलै २०१७ ला. तरी कुणी 'फॉर्म भरून देतो' म्हणत पैसे मागितले तर तो दलाल.

एमआरझेड (लातूर)

काउंटरवरच्या दीड मिनिटात काय होतं ते सांगतो.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ खाने. मशीन त्या वाचतं. दुसऱ्या ओळीत पहिले ९ खाने पासपोर्ट नंबरचे (आपला नंबर ८ अक्षरी, म्हणून नवव्या खान्यात < ही खूण), दहाव्यात ताळ्याचा अंक, मग देश, मग १४ ते १९ जन्मतारीख आणि २० व्या खान्यात पुन्हा ताळ्याचा अंक.

हा ताळा कसा निघतो बघा. जन्म १२ मार्च १९५८, म्हणजे ५८०३१२. अंकांना ओळीनं ७, ३, १, ७, ३, १ नं गुणायचं: ३५, २४, ०, २१, ३, २. बेरीज ८५. एकं स्थानचा ५ हा ताळा. आता कुणी वय कमी दाखवायला ५८ चं ६८ केलं तर बेरीज ९२, ताळा २ हवा. छापलेला असतो ५. मशीन तिथंच अडतं. तोही बदलला तरी ४४ व्या खान्यात सगळ्या ओळीचा मिळून आणखी एक ताळा बसलेलाच आहे. साहेब काही बोटं मोडत हिशेब करत नाही, हे सगळं क्षणात होतं.

मशीन वाचत असताना साहेबाचे हात दुसरं काम करतात. पान तिरपं धरून चमक बघणं, फोटोच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवणं, शिवण बघणं (पान बदललं असेल तर दोऱ्याची भोकं जुळत नाहीत), शंका आली तर जांभळ्या दिव्याखाली धरणं. खरा कागद त्या दिव्यात अंधाराच राहतो, फक्त तंतू नि छुपी छपाई चमकते. साधा पांढरा कागद अख्खा निळसर उजळतो.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे चेहरा जुळवणं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी छापून आली होती. समोर दुसराच माणूस असताना १४ टक्के वेळा त्यांनी 'हाच तो' म्हटलं. नोकरीची वर्षं जास्त म्हणून चुका कमी, असंही दिसलं नाही. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात अख्ख्या चेहऱ्यावर नजर न टाकता कान, नाकाचा बुंधा, भुवयांमधलं अंतर, तीळ-व्रण असं एकेक जुळवायला लावतात. दाढी, टक्कल, दात गेले म्हणून खंगलेले गाल, हे सगळं बदलतं. कान फारसा बदलत नाही. डोक्यावरचा पदर थोडा मागं घ्या असं म्हातारीला सांगतात ते एवढ्यासाठी. त्यात अपमान नाही.

उस्मानी (परभणी)

हे पटलं. पण दरडावतात कामून? तोच प्रश्न तीन-तीनदा विचारायलेत, माणूस बिचारा घाबरून आधी एक नि नंतर दुसरं बोलतो.

एमआरझेड (लातूर)

तोच प्रश्न फिरवून विचारणं ही शिकवलेली पद्धत आहे, तिचा राग मानू नका. "कशाला चाललात?" मग "तिकीट कुणी काढलं?" मग "मुलगा काय करतो?" मग पुन्हा "किती दिवस?" पढवून आणलेल्या माणसाला उत्तर पाठ असतं, तपशील पाठ नसतात.

तुटकपणाचं दुसरं कारण साधं गणित आहे. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत शिफारस आहे की उतरल्यापासून ४५ मिनिटांत प्रवाशाची तपासणी उरकावी. ३०० माणसांचं एक विमान, १० काउंटर उघडे. काउंटरला ३० जण, माणशी ९० सेकंद, झाली ४५ मिनिटं. मागं दुसरं विमान टेकलेलं असतं. त्या ९० सेकंदांत गोड बोलायला सवड राहत नाही, हे खरं.

बालाघाट (बीड)

'सवड नाही' ही सबब मला मान्य नाही. ९० सेकंदांत "नमस्कार" बसतो. संशय घ्यायला आठवडे न आठवडे शिकवायचं आणि विचारायचं कसं ते उरलेल्या वेळात, हा प्रशिक्षणाचाच दोष. युरोपात निदान कागदावर तरी लिहून ठेवलंय. शेंगेन (आपसातली सीमा-तपासणी उठवलेले युरोपातले देश) सीमा संहितेचं ७ वं कलम म्हणतं, तपासणी करताना माणसाची प्रतिष्ठा जपावी, धर्म-वंश-वय बघून भेदभाव करू नये. १६ वं कलम प्रशिक्षणाचं: अधिकाऱ्यांसाठी सामायिक अभ्यासक्रम, एकटी आलेली लहान मुलं नि फसवून आणलेली माणसं ओळखण्याचं वेगळं शिक्षण, आणि कामाला लागणाऱ्या भाषा शिकायला उत्तेजन.

शमशाबादला बसलेल्याला तेलुगू, हिंदी, इंग्रजी येते. आपल्याकडची म्हातारी मराठी बोलते, फार तर दखनी. "परपज ऑफ व्हिजिट?" याला ती "हां हां" म्हणते. तिथंच घोळ होतो. मराठीत सांगा असं कुणी म्हणत नाही, आणि दुभाषा मागता येतो हे आपल्याला कुणी सांगत नाही.

तांडा_ते_टर्मिनल (हिंगोली)

आखाताचं मी लिहितो. 'ऑफलोड' (काउंटरवरूनच परत पाठवणं) हा शब्द सगळ्यात जास्त इथंच ऐकू येतो.

पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' छापलं असेल तर तो ईसीआर. काहीच छापलं नसेल तर ईसीएनआर, म्हणजे ही तपासणी लागत नाही. दहावी पास, आयकर भरणारा, ५० च्या वरचा, १८ च्या आतला, परदेशात ३ वर्षांहून जास्त राहिलेला, यांना ईसीएनआर मिळतो. दहावीचं सर्टिफिकेट पेटीत पडून आणि पासपोर्ट ईसीआर, असं आपल्याकडं सर्रास. आधी तो बदलून घ्या.

ईसीआरवाला १८ देशांत नोकरीला चालला असेल (सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया हे त्यातले) तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. ती आता ई-मायग्रेट या सरकारी साइटवर ऑनलाइन होते आणि काउंटरवरच्या पडद्यावर दिसते. साहेब बघतो ते हे:

व्हिसावरचा पेशा आणि करारावरचा पेशा एकच आहे का. व्हिसावर 'शेतमजूर' नि करारात 'ड्रायव्हर' असलं की थांबवतात, आणि थांबवायलाच पाहिजे. तिथं उतरल्यावर हातात तिसरंच काम येतं.

विमा काढलाय का. प्रवासी भारतीय बिमा योजना, २ वर्षांना २७५ रुपये, ३ वर्षांना ३७५, अपघाती मृत्यूला १० लाख. एजंट याचेच दोन हजार लावतात.

घरकामाला जाणारी बाई ३० च्या आतली असेल तर ईसीआर देशांसाठी मंजुरीच नाही. वय वाढवून पासपोर्ट काढून देणारे आहेत. वरचा ताळ्याचा हिशेब त्यावर चालत नाही, कारण पासपोर्ट खरा नि जन्मतारीखच खोटी. तिथं साहेबाचा डोळाच कामाला येतो.

आता मेख. एजंट काय करतो, ही भानगड टाळायला व्हिजिट व्हिसा काढतो. नोकरी नसेल तर ईसीआरवाल्याला मंजुरी लागत नाही, हे खरं. पण मग साहेब परतीचं तिकीट, हॉटेल, खिशातले पैसे विचारतो. परतीचं तिकीट नुसतं 'होल्ड'वर असतं, पीएनआर टाकला की कळतं. बॅगेत सेफ्टी बूट नि आठ महिन्यांची औषधं घेऊन पंधरा दिवसांच्या सहलीला कोण जातं? माणूस ऑफलोड होतो. शिक्का बसला असेल तर त्यावर 'कॅन्सल्ड' मारतात आणि तिकिटाचे पैसे बुडतात. साहेबावर राग काढून उपयोग नाही, फसवणारा गावातच बसलेला असतो. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, पावतीसह. लाख-दीड लाख मागणाऱ्याचा लायसन्स नंबर ई-मायग्रेटवर टाकून बघा.

उस्मानी (परभणी)

एकच नाव असलेल्या पासपोर्टचंही लिहा. आमच्याकडं जुन्या माणसांचं आडनावाचं खानंच रिकामं.

तांडा_ते_टर्मिनल (हिंगोली)

बरोबर आठवण केली. २१ नोव्हेंबर २०२२ पासून यूएईनं व्हिजिट व्हिसासाठी एकच नाव चालणार नाही असं केलं. मागच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं असा खुलासा नंतर झाला. तरी कायमचा इलाज एकच, पासपोर्ट नूतनीकरणात आडनाव घालून घ्या. अमेरिकेच्या व्हिसावर नावाचं खानं रिकामं असलं की 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) असं छापतात, नि लोक त्या माणसाला फनू म्हणून हाक मारतात. तिकीट, व्हिसा, पासपोर्ट तिन्हींवर अक्षर न अक्षर सारखं ठेवा.

शिक्का_न_सही (छ. संभाजीनगर)

ऑफलोडबद्दल एक भर. परदेशी जाणं हा कलम २१ खालच्या स्वातंत्र्याचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सांगितलंय. म्हणजे अडवायचं तर कायद्यानं ठरलेल्या पद्धतीनं, साहेबाच्या मर्जीनं नाही. कारण लेखी मागा. मिळालं नाही तर काउंटर नंबर, वेळ, विमानाचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचं नाव तिथल्या तिथं टिपून ठेवा आणि ड्युटीवरच्या वरिष्ठाला भेटायचंय म्हणा. नंतर सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारची तक्रारींची साइट) गृहखात्याकडं तक्रार टाकताना एवढंच लागतं. "तिथला एक साहेब" असं लिहिलेली तक्रार कचऱ्यात जाते.

लुकआउट सर्क्युलर (या माणसाला देशाबाहेर सोडू नका अशी सूचना) असेल तर मात्र काउंटरवाल्याशी भांडू नका. पाठवणारं खातं वेगळं, हा फक्त अंमल करणारा. ते रद्दही पाठवणाऱ्यानंच करायचं असतं. सरकारी बँकांच्या अध्यक्षांना असा सर्क्युलर काढायला लावण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवलाय, हे थकबाकीदारांनी लक्षात ठेवावं.

कृष्णाई (धाराशिव)

अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी. हे नीट वाचा.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे सीबीपीचा (तिथल्या सीमा-कस्टम खात्याचा) अधिकारी ठरवतो. त्यांची अकादमी जॉर्जिया राज्यात ग्लिन्को इथं. कायदा, कागद तपासणी, मुलाखत, हत्यार, अटक, सगळं शिकवतात. म्हणजे समोरचा माणूस कारकून नाही, पोलिसासारखाच घडवलेला आहे. त्याचं वागणं त्या हिशेबानं समजून घ्या.

कायद्याचं गृहीतक असं की आलेला प्रत्येक जण तिथंच राहायला आलाय, नाही हे त्यानं पटवून द्यायचं. म्हणून "नातवाला सांभाळायला आले" हे वाक्य नडतं. आपल्याला ती माया वाटते, त्याला ती बिनपगारी आयाची नोकरी वाटते. त्यात मागच्याच वर्षी सहा महिने राहून आलेली असली की संशय बळावतो. खोटं बोलायचं नाही. मुलाला, नातवाला भेटायला आलोय, अमुक तारखेला परत, इकडं शेती, घर, दुसरा मुलगा आहे, हे खरं नि पुरेसं आहे.

पहिल्या काउंटरवर समाधान झालं नाही की आतल्या खोलीत नेतात, ती 'सेकंडरी'. तिथं गेलं म्हणजे गुन्हा झाला असं नाही. फोन घेतात, तासन् तास बसवतात, वकील मिळत नाही. पण दुभाषा फोनवर मिळतो. "मराठी इंटरप्रिटर प्लीज" एवढे तीन शब्द पाठ करून घ्या. मोडक्या हिंदीवर निभावून नेऊ नका.

आता सहीचा भाग. सवाल-जवाब झाले की त्याची टाइप केलेली प्रत पुढं येते, पानापानावर आद्याक्षरं करायला लावतात. हा शपथेवरचा जबाब. दुभाष्याकडून वाचून घेतल्याशिवाय पेन टेकवायचं नाही, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करायला सांगायचं. परत पाठवायचंच ठरलं तर दोन वाटा आहेत नि दिसायला सारख्याच वाटतात:

आय-२७५ म्हणजे आपण होऊन प्रवेशाचा अर्ज मागं घेतला. व्हिसा बहुतेक रद्द होतो, पण बंदी आपोआप लागत नाही. नवा व्हिसा मागता येतो.

आय-८६० म्हणजे तातडीच्या हकालपट्टीचा हुकूम. पाच वर्षं बंदी.

पहिली वाट देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही. पण मागता येतं. न मागणाऱ्याला कुणी आठवण करून देत नाही.

अबुधाबीवरून जाणाऱ्यांची ही सगळी तपासणी अबुधाबीतच उरकते. ती अमेरिकेची भूमी नाही, त्यामुळं तिथं हकालपट्टीचा हुकूम निघत नाही, फक्त विमानात बसू देत नाहीत. म्हाताऱ्यांसाठी हा मार्ग बरा, निदान परतीचं अंतर कितीतरी कमी.

आणि आत गेल्यावर त्याच रात्री पोरानं सीबीपीच्या साइटवर आय-९४ (प्रवेशाची नोंद) काढून बघावा. राहायची मुदत व्हिसावर नसते, तिथं असते. तारीख नि नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर 'डिफर्ड इन्स्पेक्शन'च्या ऑफिसात दुरुस्त होतं.

सौ_मेतकूट (जालना)

आणि सामानात कढीपत्ता, आंबे, बियाणं नेऊ नका म्हणावं. मेतकूट, लोणचं, ज्वारीचं पीठ चालतं का?

कृष्णाई (धाराशिव)

ताई, तो कस्टमचा विषय, वेगळा धागा काढा. एवढंच की फॉर्मवर 'खायचं आहे' असं खरं लिहावं. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याचा दंड होतो.

बालाघाट (बीड)

युरोप नि इंग्लंडचं थोडक्यात, विद्यार्थ्यांना उपयोगी.

शेंगेनमध्ये आतल्या तपासणीला नेलं तर ती कशासाठी आणि कशी हे लेखी द्यायचं असतं. अधिकाऱ्याचं नाव किंवा सेवा क्रमांक मागता येतो, नाक्याचं नाव नि तारीखही. ८ वं कलम. प्रवेश नाकारला तर ठरलेला छापील फॉर्म हातात मिळालाच पाहिजे. त्यावर अक्षरवार कारणांच्या चौकटी असतात: 'ई' म्हणजे यायचं कारण पटवणारे कागद नाहीत, 'एफ' म्हणजे १८० पैकी ९० दिवस संपले, 'जी' म्हणजे पैसे अपुरे. खूण कोणत्या चौकटीत हे बघा, अपील त्याच कारणाविरुद्ध करायचं असतं. सही म्हणजे कबुली नाही, फॉर्म मिळाल्याची पोच.

इंग्लंडमध्ये थांबवून ठेवलं की 'आयएस ८१' नावाचा कागद देतात. तो मिळाला म्हणजे निर्णय झालेला नाही, चौकशी चालू आहे. तेव्हा रडारड न करता कॉलेजचं पत्र, फीची पावती, राहायचा पत्ता हे कागदावर काढून द्यायचं. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, मोबाइल तोवर त्यांच्याकडं असू शकतो.

गोदाकाठ (नांदेड)

बसनं नेपाळला जाणाऱ्यांचं काय? मुक्तिनाथच्या गाड्या सुटतात इथून. आणि कर्तारपूरचा कॉरिडॉर ७ मे २०२५ ला बंद झाला हे गुरुद्वाऱ्याकडच्या मंडळींना ठाऊक आहेच.

शिक्का_न_सही (छ. संभाजीनगर)

सोनौली, रक्सौल, रुपईडिहा. भारतीयाला व्हिसा नाही, शिक्काही नाही. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ठेवा, गाडीला नेपाळच्या बाजूनं भन्सारचा (तिथल्या कस्टमचा) कागद. बंदोबस्ताला एसएसबी (सशस्त्र सीमा बल).

गफलत होते ती अमेरिकेत जन्मलेल्या नातवाची. बस थांबत नाही, सगळ्यांबरोबर तोही पलीकडं जातो. पण तो परदेशी नागरिक. त्याला भारताबाहेर पडल्याचा शिक्का, नेपाळचा व्हिसा नि नेपाळचा शिक्का, तिन्ही लागतात. ऑफिस रस्त्याच्या कडेला साध्या इमारतीत असतं, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. शिक्क्याशिवाय आत गेलेलं पोर परत येताना किंवा काठमांडूहून उडताना अडकतं. ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांचं कार्ड) नसेल तर भारताचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा आहे का तेही बघा.

उस्मानी (परभणी)

फास्ट ट्रॅक गेटबद्दल ऐकलं. साहेबाशी बोलायचंच नको म्हणे.

एमआरझेड (लातूर)

दिल्लीला २२ जून २०२४ ला सुरू झालं, मुंबई-हैदराबादसह आणखी सात ठिकाणी १६ जानेवारी २०२५ ला. भारतीय नि ओसीआयवाल्यांसाठी, फुकट. ऑनलाइन अर्ज, पासपोर्टची मुदत किमान ६ महिने, मग एकदा बोटांचे ठसे नि चेहरा नोंदवायचा. नोंदणी ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी होईल ते.

आपल्याकडं अडचण ठशांचीच. ऊसतोड, कापूस वेचणी, बांधकाम यांत बोटांच्या रेषा झिजतात. काच उंच-सखल रेषांमधला फरक वाचते. कोरड्या भेगाळलेल्या बोटावर रेषा तुटक उमटते नि मशीन 'पुन्हा ठेवा' म्हणत राहतं. आठवडाभर आधीपासून रात्री ग्लिसरीन किंवा व्हॅसलीन लावा, त्या दिवशी मात्र हात धुऊन कोरडे. काचेवर ठेवण्याआधी बोट कपाळावरून हलकेच फिरवा, तेवढा ओलावा पुरतो. बोट टोकावर उभं न ठेवता पेर आडवं टेकवा, जरा दाबा. काच आधीच्या माणसाच्या घामानं माखलेली असते, पुसून द्या म्हणा.

सौ_मेतकूट (जालना)

आणि मेंदी?

एमआरझेड (लातूर)

बोटांच्या पेरांवर नको. व्हिसाच्या ठशांनाही हेच सांगतात. लग्नसराईत तारीख मिळाली असेल तर तळव्यावर हवी तेवढी काढा, पेरं मोकळी सोडा.